इंट, लाँग अन् ओव्हरफ्लो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजातले पोट्टे, जिनिंगवरचे कॉम्प्युटर ऑपरेटर, घरीच पंपाचा टायमर बनवणारे कास्तकार, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येते. आकडे बरोबर टाकले, फॉर्म्युला बरोबर आहे, मंग उत्तर मायनसमध्ये काऊन? दरवेळी वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून टाकलं. इंट अन् लाँग म्हणजे प्रोग्राममध्ये पूर्णांक ठेवायचे ठरावीक मापाचे डबे, त्यांचं माप बिटात मोजतात (बिट म्हणजे ० किंवा १ चं एक घर, आठ बिटांचा एक बाइट), अन् डब्यात मावत नाही एवढा आकडा आला की त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. कोडमधले शब्दही इथं देवनागरीतच लिहिले आहे, की-बोर्डवर टाकताना तुम्ही नेहमी टाकता तसेच टाका.

सर, टर्बो सीमध्ये २०० गुणिले २०० केलं तं −२५५३६ येते. तोच प्रोग्राम मोबाईलवर चालवला तं ४०००० येते. बरोबर कोण?

दोघंही आपल्या जागी बरोबर आहे. टर्बो सी हे सी भाषेचं, डॉसच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर, आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये डॉसबॉक्सच्या निळ्या खिडकीत अजूनही चालू आहे, अन् त्याचा इंट १६ बिटचा. १६ बिटात साइन्ड (प्लस-मायनस दोन्ही चालणारा) आकडा बसते −३२७६८ पासून ३२७६७ पर्यंत. ४०००० त्यात मावत नाही, मंग ४०००० मधून ६५५३६ वजा होते अन् हाती उरते −२५५३६. मोबाईलवरच्या ॲपच्या मागं जीसीसी नाही तं क्लँग हा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) असते, तिथं इंट ३२ बिटचा, म्हणून ४०००० आरामात बसते.

खात्री करायची असेल तं साइझऑफ(इंट) प्रिंट करून पाहा, टर्बोत २ येईल, मोबाईलवर ४. टर्बोतच बरोबर उत्तर पाहिजे असेल तं एका आकड्याच्या मागं एल लावा, म्हणजे २००एल * २००, मंग पूर्ण गुणाकार लाँगमध्ये होते, अन् प्रिंट करताना पर्सेंट डी नाही, पर्सेंट एलडी. माझं मत विचाराल तं टर्बो सी आता लॅबमधून गेलाच पाहिजे, पण जोपर्यंत प्रॅक्टिकल त्याच्यावर आहे तोपर्यंत त्याची मर्यादा माहीत पाहिजे, बस.

मंग इंट नेमका केवढा असते? पुस्तकात कुठं २ बाइट लिहिलं, कुठं ४.

सीच्या स्टँडर्डमध्ये (भाषेच्या अधिकृत नियमावलीत) पक्का आकार दिलेलाच नाही, फक्त कमीत कमी किती ते दिलेलं आहे. इंट कमीत कमी १६ बिट, लाँग कमीत कमी ३२, लाँग लाँग कमीत कमी ६४. वरचं कंपायलरवाल्याच्या मर्जीवर. आज लॅपटॉपवर इंट ३२ बिटचाच भेटते, पण खरी गंमत लाँगची आहे, ६४ बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटचा अन् ६४ बिट विंडोजवर तोच लाँग ३२ बिटचा! म्हणजे एकानं लिनक्सवर लिहून टेस्ट करून दिलं, दुकानात विंडोजवर कंपाइल केलं अन् हिशोब फुटला, हे होऊ शकते.

यावर इलाज १९९९ च्या स्टँडर्डपासून आहे. एसटीडीइंट डॉट एच ही फाइल घ्या अन् इंट३२_टी, इंट६४_टी, यूइंट८_टी असे आकार नावातच सांगणारे टाइप वापरा. वाचणाऱ्यालाही समजते अन् मशीन बदललं तरी आकार बदलत नाही.

मर्यादा पाठ करायच्या असतील तं एवढ्या पुरे. ८ बिट अनसाइन्ड (मायनस नसलेला) ० ते २५५, साइन्ड −१२८ ते १२७. १६ बिट अनसाइन्ड ६५५३५ पर्यंत. ३२ बिट साइन्ड २१४७४८३६४७ पर्यंत, आपल्या भाषेत सांगायचं तं दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख अन् वरचे काही. ३२ बिट अनसाइन्ड ४२९४९६७२९५. ६४ बिट साइन्ड ९२२३३७२०३६८५४७७५८०७, हा पाठ नका करू, एकोणीस अंकी असते एवढं लक्षात ठेवलं तरी चालते.

पण भाऊ, वाढवता वाढवता एकदम मायनस काऊन होते? शून्यावर आलं असतं तं समजलो असतो.

जुन्या लुनाचा किलोमीटरचा मीटर आठवा, ९९९९९ झाले की पुढं ०००००. अनसाइन्ड आकडा अगदी असाच वागते, २५५ मध्ये १ मिळवला की ०. साइन्डमध्ये चक्र तेच आहे, फक्त त्याच्या अर्ध्या घरांना आपण मायनसची नावं दिलेली आहे. आठ बिटात ०१११११११ म्हणजे १२७. त्यात एक मिळवला की होते १००००००० अन् सगळ्यात डावीकडचा बिट १ असला तं तो आकडा मायनस धरायचा असा नियम आहे, म्हणून तो −१२८. या पद्धतीला टूज कॉम्प्लिमेंट म्हणतात. प्रोसेसरला बेरीज अन् वजाबाकीसाठी वेगळी यंत्रणा लागत नाही म्हणून ही पद्धत सगळीकडे चालली.

यात एक बारीक गोष्ट सुटून जाते. मायनसकडं −१२८ आहे पण प्लसकडं १२८ नाही. म्हणजे −१२८ चं चिन्ह उलटवायला गेलात तं उत्तर बसायला जागाच नाही. जावामध्ये मॅथ डॉट ॲब्सला इंटीजर डॉट मिन व्हॅल्यू देऊन पाहा, ॲब्सोल्यूट व्हॅल्यू चक्क मायनसमध्ये येते. इंटरव्ह्यूत विचारतात हे.

ओव्हरफ्लो झाला तं प्रोग्राम एरर काऊन नाही देत? शून्यानं भागलं तं लगेच बोंबलते ना.

प्रोसेसरला समजलेलं असते बरं का. आपल्या पीसीतल्या प्रोसेसरमध्ये ओव्हरफ्लोचा वेगळा फ्लॅग (खुणेचा बिट) आहे, बेरीज झाली की तो उठते किंवा पडते. पण तो पाहायचा की नाही हे भाषा ठरवते, अन् प्रत्येक बेरजेनंतर पाहत बसलं तं थोडा वेळ जाते, म्हणून सीनं ठरवलं की नाही पाहायचं, जावानं ठरवलं की चक्र फिरू द्यायचं अन् गप बसायचं. स्विफ्टनं उलटं ठरवलं, ओव्हरफ्लो झाला की प्रोग्राम तिथंच बंद, अन् मुद्दाम चक्र फिरवायचं असेल तं प्लसच्या आधी अँड लावून सांगा.

मले विचाराल तं स्विफ्टवाल्यांचं पटते. बंद पडलेला प्रोग्राम सगळ्यांना दिसते, चुकीचा हिशोब कोणालाच दिसत नाही अन् तीन महिन्यांनी ऑडिटमध्ये निघते.

जिनिंगवर कापसाच्या खरेदीचा प्रोग्राम आहे. छोट्या गाड्यांचं बिल बरोबर येते, महिन्याची एकूण रक्कम मायनस दाखवते. कायचा घोळ आहे?

हा प्रश्न सीझनमध्ये हमखास येते, म्हणून नीट हिशोब करून दाखवतो. समजा भाव ७२०० रुपये क्विंटल धरला. हा भाव उदाहरणापुरता, भांडू नका. बऱ्याच प्रोग्राममध्ये रक्कम पैशात ठेवतात, अन् ते चांगलंच आहे, तं एका क्विंटलचे झाले ७२०००० पैसे. आता ३२ बिट इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ पैसे, म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. २९८२ क्विंटलपर्यंत एकूण येते २१४७०४००००, बसलं. २९८३ वा क्विंटल काट्यावर आला की एकूण व्हायला पाहिजे २१४७७६०००० पण ते मावत नाही, अन् स्क्रीनवर येते −२१४७२०७२९६. म्हणजे जिनिंगनं कास्तकाराला चुकारा द्यायचा तं बाजूलाच राहिला, कास्तकारच दोन कोटी चौदा लाख देणं लागते!

एका गाडीत २९८३ क्विंटल कोणी आणत नाही, म्हणून टेस्टिंगमध्ये हे कधीच सापडत नाही. दहा-वीस क्विंटलच्या पट्ट्या टाकून पाहतात, सगळं बरोबर येते, अन् सीझन भरात आला की फुटते.

इलाज सोपा, एकूण रकमेचा व्हेरिएबल ६४ बिटचा करा. पण इथं पुन्हा एक खड्डा आहे अन् त्यात चांगले चांगले पडतात. लाँग लाँग एकूण = क्विंटल * भाव; असं लिहिलं अन् क्विंटल, भाव दोन्ही इंट असले, तं गुणाकार आधी इंटमध्येच होते, तिथंच फुटते, अन् फुटलेला आकडा मंग मोठ्या डब्यात जाऊन बसते. उजवीकडच्या एकाला आधी मोठं करा, (लाँग लाँग) क्विंटल * भाव असं, म्हणजे गुणाकारच ६४ बिटात होते. जावातही हाच नियम, सी शार्पमध्येही हाच.

मंग पैसे सरळ फ्लोटमध्ये ठेवले तं? त्यात तं लय मोठे आकडे बसतात.

नाही. फ्लोट म्हणजे दशांशाच्या आकड्यांचा टाइप, त्यात मोठा आकडा बसते पण पूर्ण बसत नाही, मागचे अंक गळतात. ३२ बिट फ्लोटमध्ये १६७७७२१६ च्या पुढं एकेक पैशाचा हिशोबच राहत नाही, अन् डबलमध्येही (६४ बिटचा फ्लोट) ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही. पैसे इंटीजरमध्ये पैशातच, नाही तं डेटाबेसच्या डेसिमलमध्ये.

सीमध्ये "अनडिफाइन्ड बिहेवियर" म्हणतात ते काय? चक्र फिरते हे तं आत्ताच सांगितलं.

फिरताना दिसते, पण फिरेलच असा शब्द सीनं दिलेला नाही. अनसाइन्डसाठी दिला आहे, तिथं चक्र फिरणं पक्कं. साइन्डमध्ये ओव्हरफ्लो झाला तं स्टँडर्ड म्हणते की पुढं काय होईल याची आमची जबाबदारी नाही. आता याचा त्रास कुठं होते ते पाहा. कोणीतरी हुशारीनं चेक लावते, जर एक्स + १ < एक्स असेल तं ओव्हरफ्लो झाला समजायचं. कंपायलर विचार करते की साइन्डमध्ये ओव्हरफ्लो होतच नाही असं धरून चालायची मला परवानगी आहे, मंग एक्स + १ हे एक्सपेक्षा लहान कधीच होणार नाही, मंग ही लाइन कायले ठेवायची? अन् तो पूर्ण चेकच काढून फेकते. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची कंपायलरची सोय) बंद असताना चेक चालते, ते चालू करणारा ओ२ हा पर्याय लावला की गायब. पोट्टे रात्रभर डोकं धरून बसतात.

सी++ नं २०२० मध्ये अन् सीनं सी२३ मध्ये टूज कॉम्प्लिमेंटच वापरायचं हे पक्कं केलं, त्यामुळं काही जणांना वाटते की आता साइन्ड ओव्हरफ्लोही पक्का झाला. नाही झाला, तो अजूनही अनडिफाइन्डच आहे.

जीसीसी आणि क्लँगमध्ये हायफन एफसॅनिटाइझ इक्वल टू अनडिफाइन्ड हा कंपायलरचा पर्याय लावून प्रोग्राम चालवा, ओव्हरफ्लो झाला की कोणत्या फाइलच्या कितव्या लाइनवर झाला ते छापून देते. फुकट आहे अन् वापरत कोणी नाही. हायफन एफरॅपव्ही लावलं तं साइन्डमध्येही चक्र फिरेल अशी हमी भेटते, पण तो जुना कोड सांभाळायचा उपाय आहे, नवीन लिहिताना त्याच्या भरवशावर नका राहू.

सगळीकडे अनसाइन्डच लावलं तं? मायनसची भानगडच नाही.

भानगड जात नाही, जागा बदलते. गोडाऊनमध्ये खताच्या ५ बॅगा आहे अन् ६ ची पावती फाडली, अनसाइन्डमध्ये शिल्लक येते ४२९४९६७२९५ बॅगा. मायनस १ आला असता तं निदान डोळ्याला खुपलं असतं.

दुसरं म्हणजे उलटा लूप. फॉर (अनसाइन्ड आय = एन − १; आय >= ०; आय−−) हा लूप कधीच थांबत नाही, कारण अनसाइन्ड शून्याच्या खाली जातच नाही, शून्यातून एक गेला की परत वर. अन् तिसरं, साइन्ड आणि अनसाइन्डची तुलना, सीमध्ये −१ अन् अनसाइन्ड ५ ची तुलना केली तं −१ मोठा ठरते, कारण तुलनेआधी तो अनसाइन्ड होऊन जाते. हायफन डब्ल्यूएक्स्ट्रा लावा, कंपायलर वॉर्निंग देते. बिट खेळवायचे असतील, हॅश काढायचा असेल, सेन्सरचे बाइट वाचायचे असतील तं अनसाइन्ड. मोजणी अन् हिशोबासाठी साइन्डच बरा, असं माझं मत.

वावरातल्या मोटरला अर्डुइनो उनोवर टायमर बनवला. १ मिनिट टाकलं तं मोटर बंदच होत नाही, १० मिनिट टाकलं तं दहा सेकंदात बंद होते. बोर्ड खराब आहे का?

बोर्ड (अर्डुइनो उनो म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा कंट्रोलर) चांगला आहे, तुमची लाइन अशी असेल: अनसाइन्ड लाँग वेळ = ६० * १०००; डावीकडं ३२ बिट आहे म्हणून वाटते की सगळं ठीक. पण उनोचा इंट टर्बो सीसारखाच १६ बिटचा, ६० अन् १००० दोन्ही इंट, गुणाकार ६००००, तो मावत नाही, होते −५५३६. आता हा मायनस आकडा अनसाइन्ड लाँगमध्ये टाकला की तो होते ४२९४९६१७६०. एवढ्या मिलिसेकंदाचे दिवस काढा, ४९ च्या वर जातात. तुमची मोटर बंद होणार आहे, फक्त पावणेदोन महिन्यानं. बोअर कोरडा पडला अन् मोटर चालूच राहिली तं वाइंडिंग जळायला तेवढे दिवस लागत नाही.

अन् १० मिनिटाचं? १० * ६० * १००० म्हणजे ६०००००. त्यातून ६५५३६ चे नऊ फेरे गेले, उरले १०१७६ मिलिसेकंद. दहा सेकंद. बोर्ड त्याच्या हिशोबानं इमानदारीत चालून राहिला.

आकड्याच्या मागं यूएल लावा, ६०यूएल * १०००यूएल, काम झालं. आयडीईच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपायलर वॉर्निंग्ज "ऑल" करून ठेवा, ही चूक तो स्वतः दाखवून देते. अन् हाच कोड मित्राच्या ईएसपी३२ बोर्डवर बरोबर चालला तं चक्रावू नका, तिथं इंट ३२ बिटचा आहे.

मिलिस हा आकडा ५० दिवसांनी शून्य होते म्हणे. मंग तेव्हा मोटरचं काय?

होते. मिलिस म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं फंक्शन. ३२ बिटात ४२९४९६७२९६ मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस अन् सतरा तास, मंग पुन्हा शून्यापासून. आपल्याकडं एवढे दिवस लाइन सलग राहणं अवघड आहे म्हणा, लाइन गेली की बोर्ड रिसेट होते अन् गिनती नव्यानं सुरू. पण बॅटरी किंवा सोलरवर बोर्ड असेल तं हा दिवस येणारच.

घाबरायचं कारण नाही, फक्त चेक कसा लिहिता त्यावर आहे. मिलिस() >= सुरुवात + वेळ असं लिहिलं तं फेऱ्याच्या वेळी चुकते. मिलिस() − सुरुवात >= वेळ असं लिहिलं अन् तिन्ही अनसाइन्ड लाँग असले तं फेरा झाला तरी फरक बरोबरच येते, कारण अनसाइन्डच्या वजाबाकीतही तेच चक्र फिरते. इथं ओव्हरफ्लो आपल्या कामी येते. रिसेट करणारे लंबे लंबे कोड लिहायची गरज नाही.

विंडोज ९५ सुद्धा याच कारणानं ४९.७ दिवस सलग चालला की लटकत होता, मायक्रोसॉफ्टनं नंतर दुरुस्ती दिली. विंडोज ९५ तेवढे दिवस चालवणारे भेटले हेच विशेष.

फॅक्टोरियलच्या प्रॅक्टिकलमध्ये १२ पर्यंत बरोबर येते, १३ चं उत्तर १९३२०५३५०४ येते. मायनस नाही आलं, मंग चूक कशी म्हणता?

मायनस आलं तरच ओव्हरफ्लो, हा गैरसमज आहे. १२ चं फॅक्टोरियल ४७९००१६००, हे बसते. १३ चं ६२२७०२०८००, ते पूर्ण एक फेरा मारून पुढं जाऊन प्लसमध्येच थांबते, म्हणून आकडा शहाण्यासारखा दिसते. ओळखायची युक्ती सांगतो, १२ च्या फॅक्टोरियलच्या शेवटी दोन शून्य आहे, त्याला १३ नं गुणलं तं शेवटचे दोन शून्य जाणार कुठं? तुमच्या उत्तराच्या शेवटी ०४ आहे. लाँग लाँग घेतला तं २० पर्यंत जाते, २१ ला तोही संपते.

मेंबरच्या टेबलमध्ये सगळ्यांचा मोबाईल नंबर २१४७४८३६४७ झाला. कोणी हॅक केलं का?

नाही हो. कॉलमचा टाइप इंट आहे. आपला मोबाईल नंबर दहा अंकी अन् ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होणारा, ३२ बिटात एकही बसत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारायची सेटिंग) बंद असला तं ते एरर न देता जवळची मर्यादा लिहून टाकते अन् पुढं चालू लागते. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड सुरुवातीलाच चालू असते, पण जुने सर्व्हर अन् "एरर येते म्हणून बंद केला" वाले बरेच आहे. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस मात्र सरळ "इंटीजर आउट ऑफ रेंज" म्हणते अन् घेतच नाही.

जे नंबर गेले ते गेले, त्या कॉलममधून परत येणार नाही, कागदावरचे फॉर्म काढा. पुढचं म्हणजे बिगइंट (६४ बिटचा टाइप) करू नका, मजकुराचा कॉलम करा. मोबाईल नंबर, आधार, बँक खातं, गट नंबर, यांची बेरीज कोणी करत नाही. गट नंबर तं ४५/२ असाही असते, अन् खातं शून्यानं सुरू झालं तं इंटमध्ये पुढचा शून्यच उडते. एक्सेलही १५ अंकांच्या पुढचे अंक शून्य करते, तिथंही कॉलम टेक्स्ट करूनच यादी चिकटवा.

पायथनमध्ये ओव्हरफ्लो होतच नाही ना? मंग मी कायले वाचून राहिलो हे?

साध्या पायथनमध्ये नाही होत, खरं आहे. तिथं इंटीजर मेमरी पुरेल तोपर्यंत वाढते, २१ चंच काय १००० चं फॅक्टोरियलही देते.

पण नमपाय (आकड्यांच्या ॲरेची, म्हणजे रांगांची, पायथन लायब्ररी) आणलं की तुम्ही परत सीच्या जगात. फायनल इयरला कपाशीच्या पानावरून रोग ओळखायचा प्रोजेक्ट दरवर्षी कोणीतरी घेतेच, फोटोचे पिक्सेल यूइंट८ मध्ये असतात, अन् फोटो उजळ करायला ॲरेत १०० मिळवले की २०० चा पिक्सेल ३०० न होता ४४ होते. उजळ भाग काळा! मंग मॉडेल निरोगी पानावर डाग दाखवते अन् पोट्टे मॉडेल बदलत बसतात. ओपनसीव्ही या फोटोच्या लायब्ररीचं ॲड फंक्शन वापरलं तं ते २५५ वर थांबते, नाही तं आधी इंट१६ मध्ये बदला, मिळवा, मंग २५५ वर छाटा. अन् पायथनमधला मोठा आकडा डेटाबेसच्या इंट कॉलममध्ये टाकायचा असेल तं मर्यादा तिथली लागते, पायथनची नाही.

जावास्क्रिप्ट अन् पीएचपीचं काय?

जावास्क्रिप्टचा नंबर आतून डबल आहे, पूर्णांक भरवशाचे ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच. त्याच्या पुढं चक्र फिरत नाही, मायनस येत नाही, शेवटचे अंक हळूच बदलतात, ९००७१९९२५४७४०९९३ लिहिलं तं ९२ नं संपणारा आकडा भेटते. सर्व्हरवरून मोठी आयडी आली तं स्ट्रिंग म्हणून घ्या, नाही तं बिगइंट वापरा. पीएचपीमध्ये इंट भरला की तो फ्लोट होऊन जाते, म्हणजे अंक गळायचा तोच त्रास.

रस्टमध्ये हे सगळं सुटलं म्हणे?

बरंच सुटलं. डिबगमध्ये ओव्हरफ्लो झाला की पॅनिक होऊन थांबते. पण रिलीज बिल्डमध्ये सुरुवातीला चेक बंद असते अन् चक्र फिरते, हे लोकांना माहीत नसते. कार्गोच्या (रस्टचं बिल्ड करणाऱ्या टूलच्या) फाइलमध्ये रिलीजखाली ओव्हरफ्लो-चेक्स ट्रू करा. मले रस्टमधलं खरं आवडते ते म्हणजे मनातलं कोडमध्ये लिहिता येते, चेक्ड_ॲड म्हणजे मावलं नाही तं सांग, सॅच्युरेटिंग_ॲड म्हणजे काठावर थांब, रॅपिंग_ॲड म्हणजे चक्र फिरव. वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. गोमध्ये मात्र जावासारखंच गुपचूप चक्र.

सी शार्पमध्येही साधारण चेक नसते, चेक्ड हा शब्द लावला की एक्सेप्शन भेटते. जावात ८ पासून मॅथ डॉट ॲडएक्झॅक्ट, मल्टिप्लायएक्झॅक्ट आहे, पैशाच्या कोडमध्ये तेच वापरा.

यानं खरंच कुठं मोठं नुकसान झालं का, की नुसते परीक्षेचे प्रश्न?

४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कौरू, युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्यांदा उडालं अन् चाळीस सेकंदाच्या आत फुटलं. आडव्या वेगाशी जोडलेला एक ६४ बिट फ्लोट १६ बिट साइन्ड इंटीजरमध्ये बदलत होता. कोड एरियन ४ मधून जसाचा तसा उचललेला, त्या रॉकेटचा आडवा वेग कमी होता म्हणून तिथं आकडा कधी मावला नाही असं झालंच नाही. एरियन ५ जोरदार निघालं अन् मर्यादा ओलांडली. लक्षात घ्या, इथं ओव्हरफ्लो गुपचूप नव्हता, एडा भाषेनं बरोबर एक्सेप्शन दिलं, पण ते पकडायला त्या जागी कोडच नव्हता, म्हणून दिशा सांगणारा कॉम्प्युटर बंद झाला अन् राखीव असलेलाही त्याच कारणानं बंद. त्यावर कडी म्हणजे तो हिशोब उड्डाणानंतर लागतच नव्हता. तेव्हा नुसती एरर देणारी भाषा घेऊन भागत नाही, एरर आल्यावर काय करायचं हेही लिहावं लागते.

दुसरं, २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएएनं (विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) बोइंग ७८७ साठी आदेश काढला, कारण जनरेटरच्या कंट्रोल युनिटमधला काउंटर २४८ दिवस सलग वीज राहिली की भरत होता अन् विमानाची वीज जाऊ शकत होती. २१४७४८३६४७ ला १०० नं भागा, मंग दिवस काढा, २४८ च येतात, यावरून समजते की सेकंदाचा शंभरावा भाग ३२ बिटात मोजून राहिले होते. तोवरचा उपाय काय तं ठरावीक दिवसांनी बंद करून चालू करा.

२०३८ ला कॉम्प्युटर बंद पडणार हे खरं का?

ज्यांची वेळ ३२ बिट साइन्डमध्ये १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदात मोजली जाते त्यांचंच. तो काउंटर भरते १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, अन् पुढच्या सेकंदाला तारीख १९०१ च्या डिसेंबरमध्ये जाते. नवीन ६४ बिट सिस्टिम यातून सुटल्या आहे. भीती जुन्या कंट्रोलरची अन् जुन्या टेबलची. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प कॉलम अजूनही २०३८ पर्यंतच जाते, वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता आजच त्यात बसत नाही, डेटटाइम वापरा.

बेरीज करायच्या आधी चेक कसा लावायचा?

बेरीज करून पाहायचं नाही, वजाबाकी करून पाहायचं. दोन्ही प्लस असतील तं: जर अ > इंट_मॅक्स − ब असेल तं मावणार नाही. गुणाकारात भागाकारानं पाहा, अ > इंट_मॅक्स / ब. जीसीसी अन् क्लँगमध्ये बिल्टिन_ॲड_ओव्हरफ्लो तयारच आहे, सी२३ मध्ये सीकेडी_ॲड आलं, ते असेल तं हातानं लिहू नका.

बायनरी सर्चमधला (क्रमानं लावलेली यादी दरवेळी अर्धी करत शोधायची पद्धत) मधला इंडेक्सही याच माळेतला. (खालचा + वरचा) / २ हे जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत वर्षानुवर्षं होतं, २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी लिहून सांगितलं तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. खालचा + (वरचा − खालचा) / २ लिहा.

जाऊ द्या ना भाऊ, सगळीकडे ६४ बिटच लावून टाकू का?

लॅपटॉपवर, सर्व्हरवर, हिशोबाच्या प्रोग्राममध्ये हो, खुशाल लावा. ६४ बिटात पैशात मोजलं तरी ९२ हजार लाख कोटी रुपयांच्या वर बसतात, तेवढा कापूस अख्ख्या देशात पिकत नाही. पण उनोवर एकूण मेमरीच २ केबी आहे, तिथं हजार रीडिंगचा ॲरे ६४ बिटात ८००० बाइट मागते, तो बसणारच नाही. मातीच्या ओलाव्याच्या सेन्सरचं रीडिंग तिथं ० ते १०२३ असते, त्याला १६ बिट भरपूर झाले. फक्त त्या रीडिंगची सरासरी काढायची असेल तं बेरजेचा व्हेरिएबल लाँग घ्या, साइन्ड १६ बिटात १०२३ ची ३२ रीडिंग मावतात अन् तेहतिसाव्याला फुटते.

परीक्षेत "इंटचा आकार किती" आलं तं काय लिहू?

"कंपायलरवर अवलंबून, कमीत कमी १६ बिट" हे लिहा. पर्यायातलं उत्तर असेल अन् लॅब टर्बोची असेल तं २ बाइट, प्रश्नात जीसीसी किंवा लिनक्स दिलं असेल तं ४.